देणगीची पावती फाडल्यानंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च महिना लागला की कोल्हापुरातल्या संस्थांची देणगीची आवाहने सुरू होतात. गोशाळा, वृद्धाश्रम, अंधशाळा, वाचनालये, वसतिगृहे, सगळ्यांना ३१ तारखेच्या आत काहीतरी हवे असते. मी स्वतः अशाच एका संस्थेत काम करते. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड या भागांतून शिकायला येणाऱ्या मुलींचे ते वसतिगृह आहे. शाळेतल्या लेखनिकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तिथली देणगीदारांची वही सांभाळायला घेतली. मागणाऱ्यांची ओढाताण मी रोज पाहते. पण आजचे पत्र देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते आहे.

त्याला कारण घडले ते आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेमुळे. यजमान गेल्यावर बाईंनी त्यांच्या नावाने गावातल्या एका संस्थेला एक लाख रुपये दिले. मुलांसाठी पुस्तकांचे एक कपाट व्हावे एवढीच इच्छा होती. चेक दिला त्या दिवशी शाल, श्रीफळ, फोटो सगळे झाले. पुढे वर्षभर शब्द नाही. कपाट आले का, पुस्तके कोणती घेतली, कोणी वाचते का, काही कळले नाही. आपणहून विचारायला बाईंना संकोच वाटला. "दिलं ते दिलं, आता हिशेब मागायला गेल्यासारखं दिसेल," म्हणाल्या. आणि परवा त्याच संस्थेतून एका मुलाचा फोन आला, "मॅडम, आमच्या संस्थेबद्दल आपण कधी ऐकलंय का?"

मला हे सांगताना बाईंचा आवाज कापत होता. "ह्यांचं नाव तरी कुठं लिहून ठेवलं असेल का गं त्यांनी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. ते लिहून बाईंचे दुःख कमी होणार नाही, आणि दोष एकाच संस्थेत आहे असेही नाही. पैसे आणायला माणसे नेमली जातात, पैसे दिलेल्या माणसाकडे परत जायला कोणालाच नेमलेले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दिलेल्या पैशाचे काय झाले, हे देणगीदाराने विचारण्याआधी त्याला सांगितले पाहिजे, आणि ते पुढची मागणी करण्याआधी सांगितले पाहिजे. हे ज्या संस्था करतात त्यांना मार्चमध्ये धावाधाव करावी लागत नाही.

आमच्या वहीबद्दल थोडे लिहिते, कारण काम कसे चालते ते त्यातून समजेल. पावती पुस्तकाच्या स्थळप्रतीवर नाव, रक्कम, तारीख असते. हिशेबाला तेवढे पुरते. माणूस लक्षात ठेवायला ते पुरत नाही. म्हणून वहीत प्रत्येकाला एक स्वतंत्र पान आहे. हे देणगीदार कोणामुळे आले, कोणाच्या स्मरणार्थ देतात, मागच्या वेळी काय बोलणे झाले, काय विचारायचे नाही, हे त्यात लिहिलेले असते. "फोन संध्याकाळी सातनंतर, डेअरीला दूध घालून घरी येतात तेव्हा." "ऐकू कमी येते, पत्रच पाठवावे." "फोटो छापलेला आवडत नाही." "मुलगी गेली, तिच्या नावाने देतात. तिच्याबद्दल त्या स्वतः बोलल्या तरच बोलावे." ही वही कपाटात कुलपात असते. तिच्यातले नंबर दुसऱ्या संस्थेला दिले जात नाहीत, कितीही ओळखीच्या माणसाने मागितले तरी. देणगीदारांच्या याद्या हातोहात फिरतात हे मला माहीत आहे. एका ठिकाणी पाचशे रुपये दिले की पंधरा दिवसांत चार ठिकाणचे फोन येतात, आणि मग तो माणूस अनोळखी नंबर उचलणेच बंद करतो. त्यात नुकसान सगळ्यांचेच होते.

वहीचा दुसरा उपयोग फार मोठा आहे. आपल्याकडे बहुतेक संस्थांची देणगीदारांशी ओळख एकाच माणसाच्या डोक्यात असते. कार्यवाह तीस वर्षे तेच असतात, सगळ्या गावाला ओळखतात, कोणाच्या घरी किती मुले, कोणाचे दुकान गुजरीत, कोणाचे पापाच्या तिकटीला, सगळे त्यांना तोंडपाठ. ते अंथरुणाला खिळले की संस्थेचे अर्धे देणगीदार त्यांच्याबरोबर जातात. नव्या माणसाच्या हातात उरते फक्त पावत्यांचे गठ्ठे. ज्या संस्थांत अजून असा जुना माणूस आहे त्यांनी याच आठवड्यात एखाद्या तरुण कार्यकर्त्याला त्यांच्याजवळ वही घेऊन बसवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता अन्नदानाबद्दल. कोल्हापूरकर जेवू घालण्यात कधी मागे नसतो. वसतिगृहाला वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस अशा निमित्ताने जेवण देणारे पुष्कळ आहेत. पण सगळ्यांच्या तारखा एकाच काळात येतात. पितृपक्षात मुलींना रोज खीर-पुरी, आणि जूनमध्ये वह्या, दप्तरे, छत्र्या, एसटीचा पास यांच्यासाठी हातात काही नसते. शाहूवाडीतल्या धनगरवाड्यावरून येणारी मुलगी पावसात चालत येऊन गाडी पकडते, तिला छत्री मिष्टान्नापेक्षा जास्त गरजेची. हे देणगीदाराला सांगायचे कसे, याची आमच्याकडे सगळ्यांना भीती वाटायची. दुखावतील, जातील, असे वाटे.

एका कुटुंबाशी मी बोलायचे ठरवले. थोरल्या भावाच्या श्राद्धाला ते दरवर्षी गोडाचे जेवण देत. घरी गेले, चहा झाला, मी आमचे वर्षाचे खर्चाचे कागद समोर ठेवले आणि सांगितले, "वहिनी, पितृपक्षात आमच्याकडं जेवण जास्त होतंय, जूनमध्ये मात्र हात रिकामा असतोय." वहिनींनी कागद नीट वाचला. मग दिरांकडे बघून म्हणाल्या, "आण्णा स्वतः शाळेसाठी किती तडफडले होते. त्यांना जूनच आवडला असता." तेव्हापासून त्यांच्याकडून जूनच्या पहिल्या आठवड्यात वह्या येतात, आणि श्राद्धाच्या दिवशी घरचे चौघेजण मुलींबरोबर आमटी-भात खायला येतात. गरज खरी सांगितली की माणूस दुखावत नाही, हे मला त्या घरात कळले. कागद दाखवून सांगितले की त्याला आपण विश्वासातले वाटतो.

वाढदिवसाचा केक हा असाच एक विषय. लहान मुलाचा पाचवा वाढदिवस, मोठा केक, फुगे, आणि वसतिगृहातल्या मुली ओळीत बसून टाळ्या वाजवणार. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण दहावीची मुलगी अभ्यास टाकून अनोळखी मुलासाठी गाणे म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असते ते मी पाहिले आहे. आम्ही आता स्पष्ट सांगतो, केक नको, फोटो नको. रविवारी दुपारी या, मुलींच्या पंगतीला बसा, तुमच्या मुलालाही वाढू द्या. काहीजण नाराज होऊन गेले. जे आले ते पुन्हा पुन्हा येतात. एका मुलाने दोन वर्षांत आमच्या मुलींशी एवढी ओळख केली की आता आईला तोच विचारतो, "ताईंच्याकडं कवा जायाचं?" मुलींची लाज राखून जे देणगीदार येतात तेच आम्हाला हवे आहेत. जे गेले त्यांच्यामुळे चुलीवरचे एखादे पातेले कमी झाले असेल, तरी मला त्याचे वाईट वाटत नाही.

आपल्या भागाला हे सगळे नवे नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढच्या वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या, अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. दसरा चौकात उभे राहिले की त्यांतल्या काही वास्तू आजही समोर दिसतात. महाराजांचा आधार मोठा होता, पण आपल्या मुलांचे बोर्डिंग आपण चालवायचे आहे ही जाणीवही त्यांनी त्या त्या समाजात रुजवली. हातकणंगल्यातल्या कुंभोजचे भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून इथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. घराघरांतून मूठभर धान्य गोळा करण्याचा मुष्टिफंड त्यांच्या कामात होता, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले तेही शिकलो.

मुष्टिफंडाबद्दल मी वसतिगृहात बसून पुष्कळ विचार केला आहे. मूठभर धान्य म्हणजे रक्कम म्हणून काहीच नाही. पण ते देणारी बाई पुन्हा पुन्हा देत होती. कोणासाठी देते आहे हे तिला ठाऊक होते. बोर्डिंगमधली पोरे तिच्यासारख्याच घरातली होती. आज आपण एकदाच मोठी रक्कम देणाऱ्याच्या मागे लागतो, त्याच्या नावाची फरशी बसवतो, आणि दर महिन्याला दोनशे रुपये पाठवणाऱ्या माणसाला धन्यवादाचा निरोपसुद्धा जात नाही. आमच्याकडे मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी आहेत. हंगाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यात गुळाचे रवे पाठवतात. पैसे त्यांनी कधीच दिले नाहीत. वार्षिक सभेच्या पत्रिकेत त्यांचे नाव देणगीदारांच्या यादीत नसे, कारण यादी रकमेप्रमाणे लावलेली असायची. मी आग्रह धरून यादी अकारविल्हे लावायला लावली आणि रकमा काढून टाकल्या. आता पहिल्या पानावर लाखाची देणगी देणारे आणि गूळ देणारे शेजारी शेजारी आहेत. लाखवाल्यांपैकी कोणीही आजवर तक्रार केली नाही.

प्राप्तिकराच्या सवलतीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण मार्चच्या धावपळीचे मूळ त्यात आहे. करसवलतीची मान्यता (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०जी) असलेल्या आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्यावर वजावट नाही. संस्थेने वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचे विवरणपत्र भरायचे आणि देणगीदाराला देणगीचे प्रमाणपत्र द्यायचे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. हे सगळे हिशेबनीस करतात. पण पॅनमधले एक अक्षर चुकले की वजावट अडते आणि मनस्ताप होतो देणाऱ्याला. म्हणून एप्रिलमध्ये मी प्रत्येक देणगीदाराला फोन करून पॅन एकेक अक्षर वाचून ताळा करते. त्या फोनवर मी पैसे मागत नाही. मुलींच्या परीक्षा कशा झाल्या ते सांगते, त्यांच्या घरचे विचारते. कामाचा फोन आहे, पण आमच्या ओळखी जेवढ्या या एप्रिलच्या फोनांनी घट्ट झाल्या तेवढ्या कोणत्याच समारंभाने झाल्या नाहीत.

आता नवी करप्रणाली घेणाऱ्यांना ही वजावट मिळतच नाही. त्यामुळे काही संस्थांत हवालदिल वातावरण आहे. आमच्याकडेही जे केवळ सवलतीसाठी देत होते त्यांतले काही थांबले. त्यांना दोष नाही. मात्र ज्यांच्या पानावर वहीत चार ओळी जास्त लिहिलेल्या होत्या, ते जवळजवळ सगळे राहिले. त्यांतल्या एका निवृत्त एसटी चालकांना मी आपणहून सांगितले की आता तुम्हाला यात कराचा फायदा नाही, देण्याआधी विचार करा. ते म्हणाले, "बाई, मी त्या पोरींच्या गावाला गाडी नेत होतो. कराचं काय सांगतासा?"

क्यूआर कोडने आणखी एक अडचण आणली आहे. लोक फाटकावरचा कोड स्कॅन करून ५०१ रुपये टाकतात आणि निघून जातात. खात्यावर नाव धड दिसत नाही. पावती कोणाच्या नावाने फाडायची, आभार कोणाचे मानायचे? आम्ही कोडच्या खाली मोठ्या अक्षरांत एक मोबाइल नंबर आणि एक ओळ लिहिली, "पैसे पाठवल्यावर आपले नाव कळवावे, आपल्याला पावती आणि मुलींची खुशाली कळवू." त्यानंतर नावे यायला लागली. एकजण तर रोज सकाळी रंकाळ्याला फिरायला जाताना आमच्या दारावरून जाणारे निघाले. आता आत येऊन बसतात, वर्तमानपत्र वाचतात, नळ गळत असेल तर सांगतात.

२०१९ चा महापूर आपण कोणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, गावाला बाहेरून दूध-भाजीही मिळेना. पाणी उतरल्यावर राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. आमच्या सभागृहात पूरग्रस्त कुटुंबे होती, म्हणून आमच्याकडेही ब्लँकेट, चटया, धान्य आले. मंगळवेढ्याकडच्या एका गावातल्या तरुण मंडळाने स्वतः टेम्पो भरून आणला होता. ती मुले दोन तास थांबली, सामान उतरवले आणि गेली. त्यांचा पत्ता टेम्पोच्या चालकाकडून मी घेऊन ठेवला होता.

दिवाळीनंतर मी त्यांना पत्र लिहिले. किती ब्लँकेट कोणत्या गावांतल्या लोकांना दिली, किती उरली, उरलेली कुठे ठेवली आहेत, पुढच्या पावसाळ्यात लागली तर वापरू, नाहीतर त्यांना विचारून मुलींना देऊ, एवढाच मजकूर. महिनाभराने उत्तर आले. गावच्या देवळात ते पत्र वाचून दाखवले होते. त्यांनी लिहिले होते की आम्ही एवढ्या ठिकाणी सामान नेले, कुठे पोचले ते कळवणारे पहिलेच पत्र आले. त्यांच्याकडे स्वतःलाच पाऊस कमी, तरी दरवर्षी सुगी झाली की त्या गावाहून मालदांडी ज्वारीची पोती आमच्याकडे येतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा सगळ्यात पहिला फोन त्यांचा होता, आणि २०१९ ची उरलेली ब्लँकेट त्या वेळी कामी आली हेही मी त्यांना कळवले. त्या पुरात आपल्या जिल्ह्याला ज्यांनी ज्यांनी मदत केली, त्यांतल्या किती जणांना आपण पुन्हा लिहिले? तेव्हाच्या नोंदी अजून कोणाकडे असतील तर आजही एक पत्र टाकता येईल. उशीर झाला म्हणून ते पत्र कोणी फेकून देणार नाही.

वाईट बातमीही कळवावी लागते. शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखानदारांनी गच्चीवर सौर बंब बसवून दिला. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, नळ्या धरल्या आणि ऐन थंडीत पाणी गरम होईना. विश्वस्तांपैकी काहींचे मत पडले की त्यांना सांगू नये, दिलेल्या वस्तूला नाव ठेवल्यासारखे होईल. मी फोन करून सरळ सांगितले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मिस्त्री घेऊन आले, गच्चीवर चढले, नळ्या साफ करून घेतल्या आणि बोअरऐवजी नळाचे पाणी जोडून दिले. जाताना म्हणाले, "मशीन दिलं की ते चालतंय का बघायला मला आवडतं. परत बिघडलं तर थांबू नका." त्यांच्या कारखान्यातले कामगार आता खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की आपसांत वर्गणी काढून आमच्याकडे पाठवतात. ही वर्गणी मालकांनी सांगून निघालेली नाही. बंब दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी मुलींबद्दल जे सांगितले त्यावरून निघाली.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल थोडेच लिहिते. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. गोकुळ शिरगाव, कागल, शिरोलीच्या औद्योगिक वसाहती जवळ असल्याने सगळ्या संस्थांची नजर तिकडे असते. पैसा मोठा असतो, आणि तो घ्यावाही. पण तिथे ज्या अधिकाऱ्याशी आपले बोलणे असते त्याची बदली झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. खोल्या बांधायला पैसे मिळतात. रेक्टर बाईंचा पगार, विजेचे बिल आणि स्वयंपाकघरातला गॅस यांना सहसा मिळत नाहीत. तो रोजचा खर्च आमच्याकडे लहान देणगीदार उचलतात. ते नसते तर नव्या खोल्यांना कुलूप लावावे लागले असते.

काही वेळा देणगी नाकारावीही लागते. मूळचे इथलेच, पण आता अमेरिकेचे नागरिक झालेले एक गृहस्थ मोठी रक्कम द्यायला तयार होते. परकीय योगदानाच्या २०१० च्या कायद्याखाली आमची नोंदणी नाही, म्हणून परदेशी नागरिकाचे पैसे आम्हाला घेता येत नाहीत, मग तो जन्माने कोल्हापूरचा का असेना. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात नोकरी करून आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. त्यांना मी हे सगळे समजावून सांगितले आणि रक्कम घेतली नाही. त्यांना राग येईल असे वाटले होते. त्यांनी विचारले, मग मी काय करू? आता ते रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर अकरावी-बारावीच्या मुलींना गणित शिकवतात. इकडे आल्यावर मुलींना भेटून जातात. त्यांचे पान माझ्या वहीत आहे, रकमेच्या रकान्यात फक्त रेघ आहे.

शेवटी आमच्याच माजी विद्यार्थिनींबद्दल. परिचारिका, शिक्षिका, पोलीस, बँकेत लागलेल्या मुली आहेत. त्यांच्याकडे देणगी मागायची का, यावर आमच्या बैठकीत वाद होतात. माझे मत ठाम आहे. त्यांना बोलवावे, त्यांची लग्ने-बाळंतपणे विचारावीत, नव्या मुलींशी बोलायला सांगावे, आणि पैशाचा विषय आपण काढू नये. "तुला आम्ही शिकवलं" हे वाक्य आपल्या तोंडातून कधी निघू नये, आडूनही नाही. ज्या द्यायच्या त्या देतात. चंदगडची एक मुलगी पहिल्या पगारापासून दर महिन्याला ठरावीक पैसे पाठवते. तिला पावती पाठवताना मी सोबत दरवेळी त्या महिन्यात वसतिगृहात काय झाले ते लिहिते, जसे बाकी सगळ्या देणगीदारांना लिहिते तसेच.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. चेक सुपूर्द करतानाचे फोटो आपण छापता, त्यामुळे संस्थांना मदत होते, त्याबद्दल ऋणी आहोत. ज्या देणगीची बातमी छापली तिचे वर्षभरात काय झाले, हेही त्या संस्थेकडून मागवून चार ओळींत छापाल का? मार्चमध्ये आवाहन छापायला देणाऱ्या संस्थेकडून मागच्या वर्षीच्या देणग्यांतून काय केले याची माहिती त्याच मजकुरात घ्यावी. ज्यांना ती देता येणार नाही त्यांच्या आवाहनाला पुढच्या वर्षापर्यंत थांबवले तरी चालेल. आमच्या संस्थेपासून सुरुवात करणार असाल तर कागद तयार आहेत, कळवल्यास आणून देईन.

आणि कपाटाचे पैसे दिलेल्या बाईंची ती संस्था हे पत्र वाचत असेल, तर त्यांनी एवढे करावे: कपाट घेतले असेल तर बाईंना रिक्षाने नेऊन दाखवावे, घेतले नसेल तर या महिन्यात घ्यावे आणि मग न्यावे.

आपली,
देणगीदारांची वही सांभाळणारी एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

(पत्राने संस्थेची जाहिरात होऊ नये म्हणून माझे व संस्थेचे नाव छापू नये. दोन्ही आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिले आहेत.)